मल्लम्माचे कान

मल्लम्माच्या कानांची खबर मल्लम्माशिवाय कुणालाच नव्हती, आणि आपल्या तोंडानं ती कुणाला सांगेल अशातली ती बाईच नव्हती.

लातुरात एमआयडीसीच्या अंगाला त्यांची दालमिल. मिल आणि घर यांच्यामध्ये एक भिंत, बस्स. मालक, ईश्वरप्पा, अचानक गेले तेव्हा पोरगा दयानंद अजून चड्डीवर शाळेला जात होता. माती देऊन आल्या आल्या भाऊबंद ओसरीवर टेकले आणि म्हणाले, वहिनी, बाईमाणसाला मिल झेपायची न्हाई, विकून मोकळ्या व्हा. मल्लम्मा म्हणाली, "पाणी प्या अन् निघा. तुमच्या बापानं बांधली न्हाई ती मिल." दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती मशीनपाशी जाऊन उभी राहिली. शाळा चौथीतच सुटलेली, पण आकडे येत होते आणि जीभ चालत होती. दालमिलला आणखी काय लागतं?

रोलर दिवसभर भरडायचे, चाळण्या दिवसभर थरथरायच्या, आणि त्या गडगडाटात मल्लम्मा दिवसभर. पुढं पुढं तिला मशीन बघावंही लागायचं नाही. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती भिंतीला तळहात लावायची. मशीन भरून चाललीय की रिकामीच फिरतीय, ते हाताला कळायचं. मग तिथूनच आवाज द्यायची, "ज्ञानोबा, वरचा माल संपलाय, झोपलास काय रे मुडद्या!" ज्ञानोबा हमाल खरंच झोपलेला असायचा.

कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली, मग दाराची कडी. बारीक आवाज आधी निघून गेले, जाडेभरडे मागं राहिले. मग डावा कान पुरताच बसला. उजव्यात कुणी समोर उभं राहून ओरडलं तर काहीतरी यायचं. पण मिलच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. हळू बोललेलं तिथं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून कुणी हळू बोलतच नाही. त्यामुळं मालकीण बहिरी झालीय हे ना पोराला कळलं, ना हमालांना.

आणि कळू द्यायचं नव्हतं. तिची सासू म्हातारपणी बहिरी झाली होती. तिच्या तोंडावर सुना काहीबाही बोलायच्या आणि हसायच्या, आणि म्हातारी सगळ्यांकडं बघून बावळटासारखी हसायची. हसणाऱ्या सुनांत मल्लम्मा सगळ्यांत पुढं. तसं हसं आपलं होऊ द्यायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं. म्हणून तिनं तीन शब्द हाताशी ठेवले होते. हाव. बरं बरं. बघू. या तिघांवर कुठलंही बोलणं निभावून जातं. आणि नाहीच निभावलं, तर आपणच बोलत सुटायचं. समोरच्याला तोंड उघडायला जागाच ठेवायची नाही. लोक म्हणायचे, काय बाई आहे, कुणाचं ऐकून घेत नाही.

ते खरंच होतं म्हणा.

सकाळची एक घटका मात्र तिची होती. अंघोळ करून, विभूती लावून ती गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायची आणि त्याच्याकडं बघत बसायची. तिथं कुणी काही विचारत नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही. दिवसभरात तेवढाच वेळ तिला आपल्याला काही कमी आहे असं वाटायचं नाही.

मग सून आली. सृष्टी. लोह्याची, चांगल्या घरची, शिकलेली. पण बोलणं असं, की ओठ हलतात तेवढेच. मल्लम्मा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "तोंडात गुळणी धरून बोलती की काय गं? आमच्या घरात कुणी चोरी केलेली न्हाई." सृष्टी आणखी हळू झाली. तिनं चार गोष्टी सांगाव्यात आणि सासूनं "बरं बरं" म्हणत उठून जावं, असं झालं की कोण पाचवी सांगतं? एका छताखाली दोघी बायका. एकीला वाटायचं सून मिजासखोर आहे, दुसरीला वाटायचं सासूला आपण माणूसच वाटत नाही.

पहिल्या खेपेला सृष्टीला दिवस गेले आणि फुकट गेले. तपासायला नेलं तर डॉक्टरीणबाईंना पोटातल्या जिवाचे ठोके सापडलेच नाहीत. दवाखान्यातून दुपारी घरी आणलं. सृष्टी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली. मल्लम्मा चहा घेऊन गेली. तिचा स्वतःचा जीव आत तुटत होता, पण तिला ते बोलता येत नव्हतं. सृष्टी तोंड न वळवता काहीतरी म्हणाली. मल्लम्माला तिची पाठ हललेली दिसली, एवढंच. "बरं बरं," ती म्हणाली, "पड तू," आणि दार ओढून बाहेर आली. त्या दिवसापासून सृष्टी तिच्याकडं बघायचीही नाही, आणि का, ते मल्लम्माला कळलं नाही. विचारायचं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या खेपेला सगळेच सावध होते. अगदी सुरुवातीला सोनोग्राफीला नेलं तेव्हा मल्लम्माही हट्टानं आत घुसली. पडद्यावर काळ्या पाण्यात तुरीच्या डाळीएवढं काहीतरी होतं, आणि त्यात एक ठिपका लुकलुकत होता. डॉक्टरीणबाईंनी बोट दाखवलं. मल्लम्माला सांगावं लागलं नाही. डोळे तिचे शाबूत होते. तिथंच, मशीनवाल्या पोरीपुढं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदर लावत ती म्हणाली, "डोळ्यात धुराळा गेलाय." त्या थंडगार खोलीत कसला धुराळा!

पण पुढच्या महिन्यांत डॉक्टरीणबाई ठोके ऐकवायला लागल्या, आणि मल्लम्माची पंचाईत सुरू झाली.

सृष्टीच्या पोटावर जेल लावून डॉक्टरीणबाईंनी छोटं यंत्र फिरवलं, एका जागी थांबवलं, आणि दयानंदचा चेहरा असा फुलला की मल्लम्माला लहानपणचा तो आठवला. सृष्टी हसली. लग्न झाल्यापासून ती अशी हसलेली मल्लम्मानं बघितली नव्हती. खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावरून काहीतरी गेलं आणि मल्लम्माला न शिवता गेलं.

दयानंद तिच्याकडं वळून ओरडला, "आई, ऐकू यायलंय का? घोडा पळायल्यासारखं!"

"हाव," मल्लम्मा म्हणाली. "यायलंय की. मी काय बहिरी हाय?"

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला सासू आठवली.

सातवा सरला आणि सृष्टी बाळंतपणाला लोह्याला माहेरी गेली. घरात दोघं उरली. दयानंद पहाटे अडत्यांकडं, मग मिलवर. तिन्हीसांजेला जेवायला बसला तरी नजर मोबाइलमध्ये. एकदा त्यानं मोबाइल तिच्या कानाला लावला. लोह्याहून बाळाचे ठोके रेकॉर्ड करून पाठवलेत, म्हणाला, आजच तपासायला नेलं होतं. मल्लम्मानं डोळे मिटले, मान डोलवली, वाटलं तेवढा वेळ थांबली. मग म्हणाली, "जोरात हाय. बापावर गेलंय." दयानंद खूश झाला. त्यानं ते तिच्याही फोनमध्ये टाकून दिलं.

तो मिलवर गेला की ती ओट्यापाशी उभी राहून फोन उजव्या कानावर दाबून धरायची. कान लाल व्हायचा. आत ओसाड रानासारखी शांतता. साऱ्या गल्लीतल्या बायकांना तिनं ते ऐकवलं. शेजारीण म्हणाली, काय सुरेख. सोनाराची बायको म्हणाली, अंगावर काटा आला. तिच्याच नातवाचं काळीज सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं, एक ती सोडून. भाकरी करपल्याचा वास आला की ती फोन ठेवायची.

*

आठव्या महिन्यात पोटातल्या लेकराला लिंग देतात. ते आईच्या अंगावर बांधतात. लेकरू जन्मलं की त्याचं त्याला. हे काम सासरचं. मल्लम्मानं लिंग आणलं, रेशमी कापडात शिवलं, आणि दयानंदबरोबर लोह्याला गेली. स्वामी आले, पूजा झाली. लांब दोऱ्यात ओवलेलं ते लिंग सृष्टीच्या गळ्यातून पोटावर येईल असं बांधलं. पुरणपोळीचं जेवण झालं. मिलवर माल येऊन पडला होता म्हणून दयानंद लगोलग परतला. मल्लम्माला विहीणबाईंनी, म्हणजे शिवकांतानं, ठेवून घेतलं. दोन दिवस राहा, म्हणाली. मल्लम्माला तिचं बोलणं कळायचं. शिवकांताचा आवाज भाजीवालीला लाजवील असा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच देगलूरहून फोन आला. शिवकांताच्या चुलत दिरानं देह ठेवला होता. मातीला जायलाच हवं. नवराबायको गाडीत बसताना शिवकांता खिडकीतून ओरडली, "विहीणबाई, पोरीकडं लक्ष ठेवा हो! संध्याकाळपर्यंत येतावच!"

"निवांत जा," मल्लम्मा म्हणाली. "मी काय पाहुणी हाय?"

दुपारी जेवणं झाली. सृष्टी नीट जेवली नव्हती. मल्लम्मा ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. सृष्टी समोर उभी होती, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात एक छोटी डबी आणि तिची वायर. चेहरा पिठासारखा. ओठ हलले.

"काय?" मल्लम्मा म्हणाली. "जरा मोठ्यानं बोल की गं. इथं कोन झोपलंय?"

सृष्टीनं आवाज चढवला. तिच्या मानानं ते ओरडणंच होतं. "आत्या, सकाळपासून बाळ हललं न्हाई."

ते मल्लम्माला ओठांवरून कळलं, आणि हातातला अडकित्ता मांडीवर पडला.

ती डबी दयानंदनं ऑनलाइन मागवली होती. पोटावर लावायची, कानात वायर घालायची आणि ठोके ऐकायचे. लोह्याला आल्यापासून सृष्टीला तपासणाऱ्या नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी ती बघून नाक मुरडलं होतं. हे खेळणं आहे, याच्यावर विसंबायचं नाही, हालचाल कमी वाटली की सरळ इकडं यायचं, असं बजावलं होतं. पण आठवड्यापूर्वी सृष्टी अशीच घाबरून गेली होती आणि बाळ नुसतं झोपलेलं निघालं होतं. घरी सगळ्यांनी तिची मस्करी केली. पुन्हा हसं नको म्हणून ती सकाळपासून गप्प होती.

"मला नुसतं सूं सूं यायलंय," ती म्हणाली. मल्लम्मा तिचे ओठ वाचत होती. "मधीच ठोका वाटतो, मधीच न्हाई. कुणाचा, माझाच का बाळाचा, तेबी कळंना. माझे कानच घाबरलेत, आत्या. तुम्ही ऐका."

आणि पलंगावर आडवी होऊन तिनं वायरीची दोन्ही टोकं मल्लम्माच्या हातात दिली.

मल्लम्मानं ती कानात घातली. सृष्टी डबी पोटावर फिरवत होती, हळूहळू, दाबून, आणि एकटक सासूच्या तोंडाकडं बघत होती. लग्न झाल्यापासून तिनं असं कधी बघितलं नव्हतं. या घरात, या गावात, त्या घडीला तिला दुसरं कुणी नव्हतं.

मल्लम्माच्या कानात काहीच नव्हतं. सूं सूं सुद्धा नव्हतं.

"यायलंय?"

"हाव," मल्लम्मा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. पाय घसरल्यावर हात आपोआप भिंतीला जातो तसा तो शब्द गेला.

"खरंच?"

"यायलंय की. जोरात हाय."

सृष्टीनं डोळे मिटले. मिटल्या पापण्यांखालून पाणी कानाकडं ओघळलं. तिनं मल्लम्माचा हात धरला, घट्ट दाबला, आणि एका कुशीवर वळली. बघता बघता झोप लागली तिला.

मल्लम्मा काठावर बसून राहिली. वायर मांडीवर. बाहेर रस्त्यानं काय काय जात असेल, पत्र्यावर कावळे बसले असतील, शेजारी कुणी कांडत असेल. तिच्यापर्यंत काहीच येत नव्हतं. जगानं तोंडावर दार लावून घेतलं होतं आणि आत ती आणि तिची थाप, दोघीच.

ती स्वतःची समजूत घालायला लागली. आठवड्यापूर्वी असंच झालं होतं. झोपलं असेल. लेकरं झोपतात. संध्याकाळी शिवकांता येईल, तिचे कान चांगले आहेत, ती ऐकेल. कुणाला काही कळणारही नाही.

मग तिनं सृष्टीच्या पोटावर हात ठेवला. सहज ठेवावा तसा. मिलची भिंत आठवली तिला. भिंत कशी लगेच बोलते. हे पोट कडक, गरम आणि गप्प होतं. कापडातलं ते नवं लिंग तिच्या बोटांना लागलं. कालच बांधलेलं. अजून ज्याचं आहे त्यानं बघितलंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत थांबायचं? कशासाठी? मल्लम्माला कुणी हसू नये म्हणून?

"सृष्टी," ती म्हणाली. "ऊठ."

सृष्टी दचकून उठली.

"मला काई ऐकू आलं न्हाई."

"म्हंजे? ठोके न्हाईत?" सृष्टीचा रंग उडाला.

"ठोक्याचं मला मालूम न्हाई गं. मलाच ऐकू येत न्हाई." तिनं दोन्ही कानांवर हात मारून दाखवला. "हे दोन्ही कामातून गेलेत. लई वर्षं झाली. मी तुला खोटं बोलले. ऊठ, नांदेडला जायचं. आत्ता."

सृष्टी तिच्याकडं बघतच राहिली. मग ती चपला शोधायला लागली.

रस्त्यावर येऊन मल्लम्मानं भर उन्हात हात आडवा केला. नांदेडकडं निघालेली काळीपिवळी जीप करकचून थांबली. आत माणसं कोंबलेली. ड्रायव्हर काहीतरी बोलला. मल्लम्मानं ऐकूनच घेतलं नाही, आणि तेवढ्यापुरता तिला आपल्या बहिरेपणाचा फायदाच झाला. मागचं दार उघडून ती गरजली, "उतरा समदे! भरल्या पोटाची बाई हाय, दवाखान्यात न्यायचीय. ये दाढीवाल्या, तुला पत्रिका देऊ का? उतर! ह्या समद्या सीटा माझ्या!"

माणसं उतरली. एकानं तर सृष्टीला हात देऊन वर चढवलं.

जीप पळायला लागली. इंजिन घरघरत होतं, ते मल्लम्माला बुडाखालून कळत होतं. सृष्टी खिडकीच्या गजाला धरून बसली होती. तोंड बाहेर. ती एकदम वळली आणि ओरडली. त्या पोरीचा एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं.

"मग त्या दिवशी? पहिलं गेलं त्या दिवशी? तवाबी ऐकू आलं न्हवतं?"

"कवा गं?"

"तुम्ही चहा घेऊन आलाव तवा! मी म्हणाले, आत्या, मला एकटीला सोडू नका, माझ्यापाशी बसा! अन् तुम्ही म्हणालाव बरं बरं, अन् दार लावून गेलाव!"

शब्द अन् शब्द कळला. इतक्या वर्षांत सुनेचं पुरतं ऐकू आलेलं ते पहिलं बोलणं.

मल्लम्मानं पदरानं तोंड पुसलं. "न्हाई आलं गं," ती म्हणाली. "पाठ दिसली तुझी. आलं असतं तर बसले असते."

सृष्टीनं पुन्हा खिडकीकडं तोंड केलं. पण हात गजावरून काढून तिनं मांडीवर ठेवला, मल्लम्माच्या हाताच्या जवळ. नुसता जवळ.

*

नांदेडच्या दवाखान्यात सृष्टीला एका पलंगावर आडवं केलं. नर्सनं पोटावर दोन पट्टे बांधायला घेतले, एक ठोक्यांचा, एक कळांचा. मधे लिंगाचा दोरा आला. नर्सनं तो काढून ट्रेमध्ये ठेवायला हात केला, तशी मल्लम्मा पुढं झाली. "ते तिथं ठेवायचं नसतंय, बाई. इकडं आण." आणि तिनं ते डाव्या तळहातावर घेतलं.

मशीन सुरू झालं. पेटीतून कागदाची पट्टी सरकत बाहेर यायला लागली आणि तिच्यावर एक रेघ उमटायला लागली. शेजारी लाल आकडा. मल्लम्मानं रेघेकडं बघितलं. सरळ होती, ओळंब्यात धरल्यासारखी. तिला हायसं वाटलं. मिलमध्ये मीटरचा काटा सरळ राहिला की समजायचं सगळं ठीक आहे. काटा नाचायला लागला की मोटर जळाली म्हणून समजा.

"सरळ हाय," ती सृष्टीला म्हणाली. "कशी पट्टीनं वढल्यासारखी हाय बघ. फिकीर करू नको."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मल्लम्मा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मला मोठ्यानं सांगा, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई." एकाच दिवसात दुसऱ्यांदा. पहिल्याइतकं जड गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं, मग मोठ्यानं, तोंड नीट उघडून सांगितलं, "ठोके आहेत, आजी. पण रेघ इतकी सरळ नको. बाळाच्या काळजानं वरखाली करायला पाहिजे. बाळ हललं की ठोके वाढायला पाहिजेत. सरळ रेघ म्हणजे एक तर बाळ झोपलंय, नाही तर त्याला त्रास होतोय."

सरळ म्हणजे वाईट. जन्मभर सरळ काटा बघून ती निवांत झोपली होती.

नर्सनं सृष्टीला डाव्या कुशीवर वळवलं. गोड सरबत पाजलं. डॉक्टरीणबाईंनी पोट हलवून बघितलं. कागद सरकत होता. रेघ तशीच. सृष्टी छताकडं बघत होती आणि तिच्या हातातलं बटण घामानं ओलं झालं होतं. बाळ हललं की ते दाबायचं होतं.

मल्लम्मानं डाव्या तळहातावरच्या लिंगाकडं बघितलं. रोज सकाळी ती काही मागत नसे. त्या दिवशीही मागायला शब्द सुचले नाहीत. रेघ जवळून बघायला वाकताना तिनं उजव्या हातानं मशीनच्या पेटीचा आधार घेतला.

आणि पेटी बोलली.

भिंतीसारखीच. आत कुठंतरी, पत्र्याच्या मागं, बारीक बारीक धक्के. एकामागं एक, भराभर. पळणारं काहीतरी. मल्लम्मानं तळहात पुरता टेकवला, बोटं पसरली. हे मोटरचं नव्हतं. मोटर असं धावत नाही. पडद्यावर लुकलुकणारा तो ठिपका, तुरीच्या डाळीएवढा, तो आता तिच्या हाताखाली पळत होता. सगळ्या गल्लीनं ऐकलेलं तिला आत्ता मिळत होतं.

तेवढ्यात धक्के एकदम जवळ जवळ आले. तिनं घाबरून पट्टीकडं बघितलं. रेघ उसळून वर गेली होती.

"डॉक्टरीणबाई!" ती ओरडली, अशी की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "वर गेली! रेघ वर गेली!"

सृष्टीनं बटण दाबलं होतं. पुन्हा दाबलं. ती हसत होती आणि रडत होती, आणि सासूचा पेटीवर पसरलेला हात बघत होती. डॉक्टरीणबाई हसल्या. "वरच जायला पाहिजे, आजी. उठलं तुमचं बाळ."

बराच वेळ रेघ वरखाली होत राहिली, पावसाळ्यातल्या वाटेसारखी. मग सोनोग्राफी झाली. बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी झालंय, डॉक्टरीणबाईंनी समोर उभं राहून सांगितलं. आज इथंच ठेवते, पुन्हा पुन्हा पट्टी काढू. वेळेवर आलात.

सृष्टीचा फोन गेला तशी दिवेलागणीला शिवकांता धावतपळत आली. मातीला नेसलेलं लुगडंही बदललं नव्हतं. लेकीच्या तोंडावरून हात फिरवून झाला, रडून झालं. मग दारात नर्स उभी राहून काहीतरी म्हणाली. एक बोट वर करून दाखवलं. एकीनंच थांबायचं.

मल्लम्मानं पिशवी उचलली. माहेरची खेप, आई आलेली, तिथं सासूचं काय काम? ती सृष्टीच्या उशापाशी वाकली, लिंग तिच्या गळ्यात पुन्हा घातलं, कापड पोटावर सरळ केलं. लातूरची एसटी स्टँडवर मिळेल, नाही मिळाली तर तिथंच बाकावर बसू. बसण्याचं तिला काही वाटत नव्हतं. कुठंही बसलं तरी सारखंच असतं, आत काहीच येत नसलं की. पिशवी खांद्याला लावून ती दाराकडं वळली.

मागं सृष्टी आईला काहीतरी सांगत होती. मल्लम्माला ते कळायचं कारण नव्हतं. ती उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

तिचा पदर ओढला गेला.

दारात अडकला असेल म्हणून तिनं झटका दिला. सुटला नाही. वळून बघितलं तर पलंगावरून अर्धी उठलेली सृष्टी पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. शिवकांता हातातली पिशवी घेऊन उठत होती, चेहऱ्यावर जरा रुसवा, जरा हसू.

सृष्टीनं तोंड नीट उघडलं. एक एक शब्द सुटा केला. तेवढं तिला एका दिवसात जमलं होतं.

"आत्या. माझ्यापाशी. बसा."

"आगं पन तुझी आई..." मल्लम्मा म्हणाली.

सृष्टीनं मान हलवली आणि पदर आणखी ओढला.

"ओढू नको, फाटंल," मल्लम्मा म्हणाली. "काल पूजेला काढलेलं लुगडं हाय." पिशवी तिनं खाली ठेवली आणि स्टूल पुढं घेतलं. नर्स पुन्हा पट्टे बांधत होती. मशीन सुरू झालं. सृष्टीनं सासूचा उजवा हात उचलला आणि पेटीवर नेऊन ठेवला.